सध्या काय खेळतोस?

गेल्या दिवाळीत भाच्याला घेऊन नगरचं रणगाडा संग्रहालय पाहायला गेलो. भाचा तेरा वर्षांचा, राहुरी तालुक्यातला. घरी ऊस आणि चार म्हशी. लष्कराच्या आर्मर्ड कोअरनं १९९४ मध्ये उभं केलेलं हे संग्रहालय. जगभरातले जुने रणगाडे तिथे उघड्यावर ओळीनं मांडून ठेवलेत. मी एकेका पाटीपाशी थांबून वाचत होतो. भाच्याला पाट्यांची गरजच पडत नव्हती, तो लांबूनच ओळखत होता. "मामा, तो माटिल्डा. चालतो हळू, पण पुढचं कवच अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. त्याला समोरून मारायचंच नाही. बाजूनं जायचं."

पॅटनपाशी आल्यावर मी त्याला १९६५ च्या असल उत्तरची लढाई सांगायला लागलो. पंजाबात खेमकरणजवळ पाकिस्तानचे पॅटन आले, आपल्या सैन्यानं त्यांना घोड्याच्या नालेसारख्या फळीत ओढलं, वगैरे. त्यानं मध्येच विचारलं, "जमीन ओली होती का?" मी चमकलो. कारण त्या लढाईची किल्ली तीच होती. आपल्या जवानांनी कालवे फोडून शेतांत पाणी सोडलं होतं आणि उभ्या उसात ते अवजड रणगाडे रुतून बसले होते. हे सांगितल्यावर भाच्यानं त्या चव्वेचाळीस टनांच्या धुडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाणी दिलेल्या उसात? मग गेलाच तो. आमच्यात रिकामा ट्रॅक्टर निघत नाही."

हे सगळं तो शिकला होता 'वर्ल्ड ऑफ टँक्स ब्लिट्झ' या मोबाइलवरच्या गेममधून. कुठला रणगाडा चिखलात किती मंदावतो, कुणाची तोफ किती वेळात पुन्हा भरते, चढावर उभं राहून फक्त तोफेचं डोकं कसं बाहेर काढायचं, हे तो मला पाऊण तास सांगत होता. उसाच्या सरीत वाढलेला पोरगा आणि खेळात रणगाडा चालवणारा पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना भेटले, असं मला वाटलं.

परतीच्या वाटेवर त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. शाळेत 'माझा आवडता खेळ' हा निबंध होता. यानं रणगाड्यांवर दोन पानं लिहिली. वही परत आली ती लाल शेऱ्यासह: हा खेळ नव्हे. मग त्यानं कबड्डीवर लिहिलं. "तू कबड्डी खेळतोस?" मी विचारलं. "दोनदा खेळलोय," तो म्हणाला. त्या निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले.

हा लेख त्या लाल शेऱ्यासाठी लिहितो आहे. शिक्षकांचा दोष काढायचा नाही. तो शेरा त्यांचा एकट्याचा नव्हता, तो आपल्या सगळ्यांचा आहे. मुलानं सच्चेपणानं, तपशिलानं आणि प्रेमानं लिहिलेलं आपण खोडलं. ज्यात त्याला रस नव्हता त्यावरच्या उसन्या वाक्यांना गुण दिले. याच शाळा दहावीला कवितेचं रसग्रहण लिहायला लावतात. रसग्रहण म्हणजे आवडलेल्या गोष्टीत काय आवडलं, ते कशामुळे साधलं आणि आपल्यात काय हललं हे सांगता येणं. भाच्यानं माटिल्डासमोर उभं राहून जे केलं, ते चोख रसग्रहण होतं. ते ऐकून घेणारं मात्र कुणी नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, 'सध्या काय खेळतोस आणि त्यात तुला काय आवडलं?' हा प्रश्न 'सध्या काय वाचतोस?' या प्रश्नाइतकाच सभ्य, महत्त्वाचा आणि गरजेचा आहे. तो आपण विचारत नाही, याची किंमत मुलं मोजतात. ती किंमत कोणती, ते पुढे येईलच.

मुलं आपापसात हा प्रश्न विचारतात आणि फार गंभीरपणे विचारतात. नगरच्या सावेडी उपनगरात अभ्यासिकांची रांग आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली पाथर्डी, जामखेड, अकोले, कर्जत अशा तालुक्यांतून येऊन तिथे दिवस काढतात. संध्याकाळी खालच्या टपरीवर चहा घेताना मी त्यांचं बोलणं ऐकलं आहे. "काय चालूय सध्या?" म्हणजे अभ्यास नव्हे, गेम. एकानं एका नव्या गेमचं नाव काढलं, तर दुसरा लगेच म्हणाला, "तो डिलीट मार. तिसऱ्या दिवसापासून दर लेव्हलला जाहिरात, आणि पुढं पैसे मागतो." तिसरा बुद्धिबळाचे ऑनलाइन डाव खेळत होता आणि आदल्या रात्री हरलेला डाव चहाच्या ग्लासांनी टेबलावर मांडून दाखवत होता. पाच मिनिटांत शिफारस झाली, टीका झाली, सावध करून झालं आणि चूकही कबूल करून झाली. वाङ्मय मंडळात आपण जे करतो, ते सगळं तिथे चाललं होतं.

भाषाही ऐकण्यासारखी. "झोन आलाय, पळ." "मी नॉक झालो, मला उचल." बीजीएमआय, म्हणजे पूर्वीचं पब्जी, खेळताना जखमी झालेल्या साथीदाराला पुन्हा उभं करायचं असतं. त्याला इंग्रजीत रिव्हाइव्ह म्हणतात. आपल्या पोरांनी कुणालाही न विचारता त्याचं 'उचल' केलं. आठ किलोमीटर लांब-रुंद असं एरँगल नावाचं खोटं बेट, त्यावर उतरणारे शंभर खेळाडू, त्यातले चौघं आपले. या बेटावरच्या पोचिंकी गावातल्या गल्ल्या नगरच्या मुलांना चितळे रोडइतक्या पाठ आहेत. लॉकडाऊनमध्ये वसतिगृहं रिकामी झाली, तेव्हा चार तालुक्यांत पांगलेले चार मित्र रोज रात्री त्या पोचिंकीत भेटत. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका मुलानं मला सांगितलं होतं की रेंजसाठी तो देवळाच्या मागच्या खडकावर जाऊन बसायचा. गोळ्या झाडणं त्यात निम्मंच असायचं, बाकी वेळ 'तुझ्याकडं काय भाजी केली' इथपर्यंतच्या गप्पा. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पब्जीसह ११८ अॅपवर बंदी आणली. सुरक्षेची कारणं सरकारनं दिली आणि त्यांवर मला काही बोलायचं नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस आपल्याकडे जी चर्चा चालली, तीत 'पोरं सुटली' एवढाच सूर होता. त्यांनी काय गमावलं, हे विचारावं असं कुणाला सुचलं नाही.

माझ्या पिढीलाही हे नवं नाही. नव्वदच्या दशकात एसटी स्टँडच्या मागे, टॉकीजच्या कडेला आणि जत्रेत व्हिडिओ गेमची खोपटी असत. रुपयाचं नाणं टाकलं की एक डाव. कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा गेम आम्हा सगळ्यांना 'मुस्तफा' या नावानंच माहीत होता, कारण त्यातला उडी मारून लाथ घालणारा मुस्तफा हा आमचा नायक. एकाचा रुपया, पाहणारे आठ. पाहणारेही खेळतच असत: "मागून येतोय, वळ!" टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममध्ये काँट्राचे तीस जीव मिळवायचं बटणांचं गुपित हे वर-वर-खाली-खाली करत आमच्यात तोंडी पसरलं, जसे मंत्र पसरतात. पुढे सायबर कॅफेत व्हाइस सिटी हा गेम आला आणि त्याचे कोड भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर जमा झाले. त्या पानाची नक्कल करून देणारा मुलगा वर्गात सर्वांत मानाचा. अर्धा खेळ पडद्यावर आणि अर्धा खेळाविषयीच्या बोलण्यात, अशीच त्याची रचना होती. आज खोपटं गेलं आणि पडदा खिशात गेला. आठ पाहणारे कमी झाले. मुलगा एकटा खेळतो तो काही एकटेपणाच्या हौसेनं नव्हे. त्याच्या मागे उभं राहून पाहणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून तो एकटा खेळतो.

मराठीत आवडीसाठी शब्दांची चढती पायरी आहे: हौस, छंद, नाद, व्यसन. या जिल्ह्यात तर 'नाद' हा शब्द अभिमानानं मिरवला जातो. बैलांचा नाद असलेला माणूस घरची तूर विकून खोंड आणतो आणि गाव त्याचं कौतुक करतं. बैलगाडा शर्यतींवर कित्येक वर्षं बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालानं ती कायम झाली. तेव्हा गावोगाव गुलाल उधळला गेला. मला त्या आनंदाविषयी आदरच आहे. पण गाड्याच्या नादाला संस्कृती म्हणायचं आणि मोबाइलवरच्या खेळाला पहिल्याच दिवशी व्यसन म्हणायचं, यात छंद आणि नाद या मधल्या दोन पायऱ्या आपण मुलांच्या पायाखालून काढून घेतो.

कुस्तीचं उदाहरण मला यात फार मोलाचं वाटतं. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीची स्पर्धा नगरमध्येच झाली आणि पृथ्वीराज मोहोळनं गदा जिंकली. शेवटच्या दिवशी पंचांच्या निर्णयावरून मोठा वाद झाला आणि त्यानंतरचा आठवडाभर जिल्ह्यातल्या प्रत्येक पारावर 'पाठ टेकली होती का' याचीच चर्चा होती. ज्यांनी जन्मात लंगोट बांधला नाही अशी माणसंही ढाक आणि एकलंगी यांतला फरक हात हलवून समजावत होती. कुस्ती इथे शंभर वर्षांहून जास्त टिकली त्यात तालमींचा वाटा आहे, तसाच या बोलणाऱ्यांचाही आहे. पैलवान आखाड्यात लढतो, कुस्तीची जाण मात्र पारावर तयार होते. निवेदकाचा आवाज, हलगी, जुन्या डावांच्या आठवणी, खोट्या कुस्तीला मिळणाऱ्या शिव्या यांनी ती जाण घडते. नूरा कुस्ती कोणती आणि खरी कोणती हे जाणकार प्रेक्षकाला कळतं, म्हणून त्याला फसवणं अवघड जातं.

मुलं मोजतात ती किंमत इथेच आहे. खेळांविषयी मोकळं बोलणं नसेल तर जाण तयार होत नाही, आणि जाण नसलेल्या खेळणाऱ्याला कुणीही फसवतो. आपण सगळ्याला सरसकट 'गेम' म्हटलं. भाच्याचे रणगाडेही गेम, वहिनींचं लूडोही गेम आणि पैसे लावून चालणारी रमीही गेमच. या एका शब्दाच्या पांघरुणाखाली जुगार घरोघर शिरला. कुणाचं कांद्याचं पेमेंट गेलं, कुणाचा पगार गेला, आणि घरच्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरगं 'गेम' खेळतंय. अखेर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्यानं ई-स्पोर्ट्स, विरंगुळ्याचे खेळ आणि पैशांचे खेळ अशा तीन वेगळ्या जाती केल्या आणि तिसऱ्या जातीवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. कायद्याला जो फरक २०२५ मध्ये सापडला, तो टपरीवरच्या पोराला आधीच माहीत होता: "डिलीट मार, पुढं पैसे मागतो." त्याचं बोलणं घरापर्यंत पोचत नव्हतं, कारण घरात हा विषयच शिवीसारखा होता.

गेमचं व्यसन लागतं. हे खरं आहे आणि मी ते हलकं करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद केली, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यातली लक्षणं पालकांनी जरूर वाचावीत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि साधारण वर्षभर हे टिकणं. किती तास खेळतो, याचा आकडा त्यात नाही. तासांपेक्षा ताबा महत्त्वाचा. आणि मुलाचा ताबा सुटतोय का, हे ज्या घरात खेळावर रोज चार शब्द बोलले जातात तिथे लवकर कळतं. काय आवडतं हे जो मुलगा आनंदानं सांगत होता तो एक दिवस "काही नाही, असंच" म्हणू लागला, की आईला खूण पटते. जिथे पहिल्यापासून चोरूनच खेळायचं असतं, तिथे ही खूण मिळतच नाही. मोबाइल हिसकावून घेणं कधी कधी भाग पडतं. पण हिसकावण्याआधी वर्षभर आपण काहीच विचारलं नसेल, तर मुलाला त्यात फक्त ताकद दिसते, काळजी दिसत नाही.

बायकांच्या बाबतीत तर हे बोलणं अजून सुरूच झालेलं नाही. माझ्या वहिनी रात्री भांडी आवरून झाली की कॅंडी क्रश खेळतात. त्यांनी हजारो लेव्हल पार केल्या आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, "कुठं हो भावजी, जरा टाइमपास." एका संध्याकाळी मी शेजारी बसून पाहिलं. चाल करण्याआधी त्या पटाच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करत होत्या. मी कारण विचारलं. "खालनं फोडलं की वरचं सगळं हलतं, आपोआप जुळतं," त्या म्हणाल्या आणि मग अर्धा तास थांबल्या नाहीत. इतक्या वर्षांत घरात कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं.

खेळाविषयी गांभीर्यानं बोलणं हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी नेवाशाची आठवण ठेवावी. याच जिल्ह्यात, पैस खांबाला टेकून, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि मराठी परंपरा त्याच ज्ञानेश्वरांशी मोक्षपटाचं नाव जोडते. सापशिडीचा हा पूर्वज. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचं घर मोक्षाचं. कर्तृत्व कुणाचं यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, या मातीतल्या माणसांना आपल्या सर्वांत मोठ्या संताच्या नावाशी एक खेळ जोडावासा वाटला. त्यात त्यांना कमीपणा दिसला नाही. पट मांडून बसलेल्या पोराला साप लागला की आजी सांगायची हा साप कसला, शिडी कसली. म्हणजे खेळ आणि खेळाचा अर्थ हे एकाच चटईवर बसत. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोचला, तिथे तो मुलांचा साधा खेळ झाला आणि तसाच आपल्याकडे परत आला. अर्थ वाटेत गळाला आणि आपण तो परत घातला नाही.

रणगाडा संग्रहालयाच्या जवळच फराहबाग आहे, निजामशाहीतला पडका महाल. मुर्तझा निजामशाहाला बुद्धिबळाचं वेड होतं आणि ज्याच्यासोबत तो खेळे त्या दिल्लीच्या गवयासाठी त्यानं या बागेत वेगळा लक्कड महाल बांधला, असं सांगतात. सुलतानालाही सोबत खेळणारा आणि डावावर बोलणारा माणूस हवा होता. तो मिळाल्यावर त्यानं त्याला शेजारीच ठेवून घेतलं.

आपण खेळातल्या आनंदाविषयी बोललो नाही तर आणखी एक नुकसान होतं. इथलं चांगलं काम आपल्याच मुलांना माहीत होत नाही. नगरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतली एक मुलगी आणि तिच्या भोवती आपल्या पुराणांतली दैवतं. जगभरच्या खेळाडूंनी तो खेळला. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' आणला. लॉकडाऊनमध्ये घराघरांत पोचलेला लूडो किंग नवी मुंबईत तयार झालेला आहे. टपरीवरच्या मुलांना मी 'राजी'बद्दल विचारलं, तेव्हा आठांपैकी एकालाही तो पुण्यात झाला हे ठाऊक नव्हतं. मराठी पुस्तक आलं की परीक्षण येतं, नाटक आलं की अग्रलेखाच्या पानावर चर्चा होते, गेम आला तर बातमीसुद्धा होत नाही. ज्या मुलाला पुढे असा खेळ लिहावासा वाटेल, रंगवावासा वाटेल, त्याला आपल्या भाषेत त्यावर एक ओळही वाचायला मिळत नाही.

नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचं आहे. इथे एकांकिकांचा महाकरंडक भरतो आणि राज्यभरची मुलं येतात. अशा शहरात महिन्यातून एक संध्याकाळ खेळांसाठी ठेवणं अवघड नाही. कुणी पडदा लावावा, कुणी खेळून दाखवावं, आणि बाकीच्यांनी विचारावं: यात तुला काय सापडलं? मराठीच्या शिक्षकांनी वर्षातला एक निबंध या विषयावर द्यावा आणि त्यात आलेली अनोळखी नावं खोडण्याआधी मुलाला जवळ बोलावून विचारावीत. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवणीनं सिनेमाच्या शेजारी चार बोटं जागा द्यावी. यासाठी कुठलं अनुदान लागत नाही.

आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुमच्या घरात आत्ता कुणीतरी खाली मान घालून खेळत असेल. जवळ जाऊन बसा. मोबाइल मागू नका, किती वेळ झाला हे आज विचारू नका. सध्या काय खेळतोस, एवढंच विचारा, आणि उत्तर येईल तेव्हा मध्ये बोलू नका. सुट्टीत त्याला नगरला घेऊन या. पाट्या वाचायची घाई करू नका, तोच तुम्हाला ओळख करून देईल.